बांधाच्या अल्याडपल्याडची माती

लग्न होऊन मी धारला आले, त्याच्या पहिल्याच सकाळी दूध तापवायला पातेले शोधू लागले. फळीवर पातेली ओळीने मांडलेली होती, पण ज्याला हात लावावा त्यात माती. एकात काळीभोर, एकात तांबूस, एकात राखेसारखी भुरकी. सासूबाई मागून म्हणाल्या, “त्यांना हात लावू नकोस हो. तो दरबारचा माल आहे. दूध त्या गडव्यात तापव.”

हे पुण्याला शेतकीचे शिक्षण घेऊन आले होते, आणि गावोगावची माती तपासण्याचे काम यांच्याकडे नुकतेच आले होते. हे घोड्यावरून जात आणि परत येत ते मातीच्या पुरचुंड्या घेऊन. आधी मला या सगळ्याचा राग यायचा. नव्या नवरीला कोणी बांगड्या आणतो, कोणी लुगडे आणतो, आमच्याकडे नालछ्याहून परतलेली स्वारी पागोटे उतरायच्या आधी म्हणे, “डोळे मीट. हात पुढे कर.” मी हात पुढे करावा, तर तळहातावर ओल्या मातीची चिमूट!

पण हळूहळू मला त्यात मजा वाटू लागली. नालछ्याकडची मुरमाड माती बोटांत कुरकुरे. बाग गावाकडची फिकी माती वाळूसारखी निसटून जाई. धारच्या भोवतालची काळी माती ओली झाली की लोण्यासारखी लागे आणि नखांतून दोन दिवस निघत नसे. संध्याकाळी परसात बसून मी डोळे मिटून गाव ओळखायची आणि चुकले की हे खदखदून हसायचे.

“माती हाताला कशी लागते आणि तिच्यात काय काय मिसळलेलं आहे, हे आम्हांला पुण्यात वेगवेगळे मास्तर शिकवत,” हे एकदा म्हणाले. “एकाचा तास सकाळी, दुसऱ्याचा दुपारी. शेतात मात्र दोन्ही जावांसारख्या एकाच घरात नांदतात. एकीनं भांडं आपटलं की दुसरीला ऐकू जातं.”

मला त्या वेळी हे बोलणे नुसते गमतीचे वाटले. त्याचा अर्थ कळला तो मामांच्या शेतावर.

यांचे मामा देवास संस्थानाच्या थोरल्या पातीत कारभारी होते. नोकरी सुटल्यावर ते बागलीच्या वाटेवरच्या एका गावात शेती करून राहिले. आयुष्यभर लेखणी चालवलेली, शेतीतले ओ की ठो ठाऊक नव्हते. त्यांना पेरणी, राखण, बैलांची पारख हे सारे शिकवले ते बांधाला लागून शेत असलेल्या तिथल्या पटेलाने, म्हणजे गावच्या पाटलाने. दोघांची अशी गट्टी जमली की मामा मराठी बोलता बोलता मधेच माळवीत घुसत आणि पटेल सणावारी मामींकडून पुरणपोळी हक्काने मागून नेई.

एका लग्नात देवासकडचे एक नातेवाईक भेटले. त्यांच्याकडून दोन बातम्या कळल्या. एक, मामांचे शेत बिघडले आहे. आणि दुसरी, मामा पटेलाशी बोलत नाहीत. दुसरी बातमी ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “शेताचं एक वेळ राहू दे. पण माणूस एकटा पडेल तिथं. तू जा रे. आणि हिलाही ने, मामीला सोबत होईल.”

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. इंदुरापर्यंत टांगा आणि पुढे बैलगाडी. तपासणीसाठी यांनी तेजाबाची एक बाटली गवतात गुंडाळून सामानात ठेवली होती. एका ओढ्यात गाडीने असा दणका खाल्ला की बाटलीचे बूच उडाले आणि यांच्या नव्या लोकरी कोटाला चाळणीसारखी भोके पडली. गाडीवान घाबरून देवाचे नाव घेऊ लागला. मी कोट उचलून पाहिला आणि मला हसू आवरेना.

“हसतेस काय? आता मामांकडे तपासू कशानं?” हे म्हणाले.

“मामींच्या दारात लिंबाचं झाड आहे असं सासूबाई सांगत होत्या. लिंबू आंबटच असतं की.”

हे एकदम गंभीर झाले. मग म्हणाले, “चालेल. खरंच चालेल.”

मामांनी दारातच आम्हांला अडवले. “आत यायच्या आधी पाणी प्या. आमच्या विहिरीचं आहे. मी स्वतः उभा राहून खणून घेतली.” आम्ही प्यालो. पाणी जिभेला गुळगुळीत लागले, पण स्वच्छ होते. त्यावर मामींनी विहिरीचे कौतुक सांगायला घेतले. या पाण्यात तुरीची डाळ बघता बघता मेणासारखी शिजते. कपड्यांना साबण निम्मा पुरतो. सणाच्या आधी गावातल्या बायका आपल्या विहिरी सोडून इथे पाण्याला येतात. रात्री जेवताना वरण वाढले, ते खरोखरच इतके एकजीव होते की डाळीचा दाणा शोधून सापडेना. धारला मी तासन्‌तास फुंकणी घेऊन बसायची, त्यामुळे मला मामींचा हेवाच वाटला.

जेवणे झाल्यावर मामांनी आपली कैफियत मांडली. विहीर झाल्यापासून त्यांनी खालच्या वावरात मोटेचे भरपूर पाणी देऊन अफू केली, मग ऊस केला. पहिली वर्षे पीक असे आले की लोक बघायला येत. मग कुठेतरी पीक पिवळे पडू लागले. पुढे बी उगवेनासे झाले. उन्हाळ्यात सऱ्यांवर पांढरी बुकटी दिसू लागली. बांधापलीकडे पटेलाचे वावर मात्र जसेच्या तसे.

“आणि त्याच उन्हाळ्यात,” मामा मांडी बदलून म्हणाले, “त्यानं गुरांसाठी मिठाची पोती आणली. उतरवली कुठं? बांधाजवळ! आता तूच सांग, ती पांढरी बुकटी आली कुठून?”

“तुम्ही त्याला विचारलंत?”

“विचारायचं काय? तोंडावर सांगितलं, की तू माझ्या शेतात मीठ टाकलंस.”

मामी भिंतीकडे बघत म्हणाल्या, “त्या दिवसापासून हे घरात नुसते येरझाऱ्या घालतात. मला मेलीला पुरण वाटायचीसुद्धा इच्छा होत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळेच शेतावर गेलो. दोन्ही वावरांत माती तीच काळी. मधे एक बांध आणि त्यावर बोरीची झुडपे. पण बांध ओलांडला की पायाला लगेच फरक कळे. पटेलाच्या बाजूला भेगाळलेली, भुसभुशीत जमीन. ढेकूळ उचलून मुठीत दाबले की त्याचा रवा होई. मामांच्या बाजूला वर गुळगुळीत पापुद्रा आणि खाली दगड. ढेकूळ फोडायला यांना कुदळीचा दणका मारावा लागला, तेव्हा त्याचे धारदार कडांचे तुकडे झाले.

मग यांनी दोन्हीकडे वीतभर खड्डे केले आणि त्यांत ओढ्याचे एकेक लोटा पाणी ओतले. आम्ही बोलत उभे राहिलो तेवढ्यात पटेलाच्या बाजूचे पाणी जिरून गेले. मामांच्या बाजूला ते आरशासारखे चमकत राहिले. एक साळुंकी आली, तिने त्यात चोच बुडवली, आमच्याकडे तिरकी मान करून पाहिले आणि उडून गेली. पाणी जागच्या जागी.

एवढ्यात पटेल बांधावर आला. उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्याने यांना आणि मला राम राम केला. मामांकडे पाहिले नाही. “भिया, खेत म्हारो नी हे, पण देखी के जी दुखे,” तो म्हणाला. शेत आपले नाही, पण बघून जीव दुखतो.

मामा आभाळाकडे बघत मला मोठ्याने म्हणाले, “सूनबाई, त्याला सांग, मीठ कमी पडलं असेल तर अजून टाक.”

पटेलही मलाच म्हणाला, “बई, काकासाब से कई दो, लूण म्हारी भैंस खाय. म्हूं फेंकूं नी.” मीठ माझ्या म्हशी खातात, मी ते फेकत नाही.

दोघेही माझ्याकडे बघून बोलत होते आणि दोघांनाही दुसऱ्याचे बोलणे चांगले ऐकू येत होते. मी पदर तोंडाला लावून कसेबसे हसू दाबले.

घरी आल्यावर मामींकडे मुरांब्याच्या काचेच्या बरण्या मिळाल्या. यांनी एकीत पटेलाकडची माती घातली, दुसरीत मामांकडची. दोन्हींत ओढ्याचे पाणी ओतून खूप हलवले आणि खिडकीत ठेवून दिल्या. दुपारपर्यंत पटेलाच्या मातीवरचे पाणी नितळ झाले. मामांच्या मातीचे पाणी संध्याकाळीही चहाच्या रंगाचे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही.

“मातीचे कण एकमेकांना धरायला तयार नाहीत,” हे म्हणाले. “चांगल्या मातीत चुना त्यांना धरून ठेवतो, म्हणून ते गठ्ठ्यागठ्ठ्यानं राहतात. गठ्ठ्यांच्या मधून पाणी जातं, हवा जाते, मुळं जातात. इथं प्रत्येक कण सुटा झालाय आणि जाऊन भोकं बुजवून बसलाय. म्हणून ओली असली की चिखल आणि वाळली की दगड. साध्या मिठानं असं सहसा होत नाही. दुसरा काहीतरी खार असावा. पण तो आला कुठून?”

उत्तर मला न्हाणीघरात सापडले. त्या दिवशी मामी आणि मी हळकुंडे कुटत होतो. माझे हात पिवळेधमक झाले होते. मामी म्हणाल्या, “हात धुतेच आहेस तर तो पाण्याचा हंडाही जरा घासून टाक.” हंड्याच्या काठावर, जिथे पाणी सांडून रोज वाळायचे, तिथे पांढरा थर बसला होता. मी ओल्या हाताने तो चोळला आणि ओरडलेच. माझा तळहात कुंकवासारखा लाल झाला होता.

मामी धावत आल्या. “कापलं का ग?”

“कापलं नाही. मामी, हळदीचं कुंकू झालं!”

आमच्या माहेरी कुंकू घरी करायचे. हळदीत खार घातला की ती लाल होते, हे मी लहानपणापासून बघत आले होते. मी तशीच लाल तळहात घेऊन यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. यांनी हंड्याच्या काठावरची पांढरी कपची नखाने काढून जिभेवर ठेवली, तोंड वाकडे केले आणि मटकन पाटावर बसले.

“पापडखार,” हे म्हणाले. “पापडखाराचाच भाऊबंद. सोडा आहे हा. विहिरीच्या पाण्यात सोडा आहे!”

“म्हणून डाळ शिजते,” मी म्हटले.

“म्हणून साबण पुरतो,” मामी म्हणाल्या, आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. “अग बाई! म्हणजे शेतात खार यांनीच घातला? मोटेनं?”

खात्री करायला आम्ही तिसरी बरणी काढली. पटेलाकडचीच चांगली माती तिच्यात घातली आणि या वेळी मामांच्या विहिरीचे पाणी ओतले. ती बरणीही गढूळ राहिली.

आता प्रश्न होता, मामांना सांगायचे कोणी. हे म्हणाले, आपण उद्या नीट समजावून सांगू. मामींना तेवढा धीर निघाला नाही. दुपारी ताक वाढता वाढता त्या म्हणून गेल्या, “मीठबीठ काही पटेलानं टाकलेलं नाही. तुमच्या विहिरीनं टाकलंय.”

मामांनी जेवण पुरे केले. हात धुतले ते त्याच विहिरीच्या पाण्याने, आणि जाऊन विहिरीच्या काठावर पाठ करून बसले. थोड्या वेळाने हे गेले, मागून मी.

“विहिरीला नावं ठेवायला धारहून आलास का रे?” मामा म्हणाले. नोकरी सुटल्यावर त्यांनी स्वतः उभी केलेली ती एकच गोष्ट होती, हे मला तेव्हा समजले.

“विहिरीला कोण नावं ठेवतंय, मामा? स्वैपाकाला असं पाणी सात गावांत नसेल. फक्त मातीला ते सोसत नाही.”

“डाळीला चालतं आणि मातीला चालत नाही?”

“डाळ कशी होते त्या पाण्यात? मऊ, एकजीव. माती तशीच झाली. डाळीनं एकजीव व्हावं, मातीनं होऊ नये.”

मामा जरा वळले. कारभाऱ्याची सवय, मुद्दा सोडवत नव्हता. “पण मातीला धरून ठेवायला चुना लागतो म्हणालास ना काल? चुन्याचे खडे तर माझ्या शेतात पसापसा सापडतात.”

यांनी शेतातून आणलेला एक पांढरा खडा खिशातून काढला. मी लिंबू कापून दिले. रस पडताच खडा सळसळून फसफसला. “बघा, चुना आहे. पण तो दगड होऊन बसलाय. लिंबानं जागा होतो, नुसत्या पाण्यानं होत नाही. घरात धान्य आहे पण कोठाराला कुलूप आहे, तसं. आपल्याला पाण्यात विरघळेल असा चुना पाहिजे.”

तो यांच्याकडे होता. धारला गिलाव्याचे काम करणारे गवंडी राजपुतान्याकडून एक मऊ पांढरा दगड आणत. ते तो भाजून वापरत. यांनी त्यातला न भाजलेला दगड कुटून एका पुरचुंडीत आणला होता. जिप्सम असे त्याचे नाव यांनी सांगितले. मामा म्हणाले, “दाखव तर.”

मामींनी बरणी ओसरीवर आणून ठेवली. आणि कोणाला काही न विचारता गड्याला सांगितले, “पटेलांना म्हणावं, मामींनी बोलावलंय.”

पटेल आला आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसला. बरणी मधे. यांनी गढूळ पाण्यात त्या पुडीची चांगली मोठी चिमूट टाकली, बरणी खूप हलवली आणि खाली ठेवली. सुरुवातीला काहीच दिसले नाही. मग दूध नासावे तशी पाण्यात बारीक बारीक कणी दिसू लागली, कणीचे पुंजके झाले आणि ते हलके हलके खाली उतरू लागले. वरचे पाणी आधी बोटभर नितळले, मग दोन बोटे. दोन दिवस जे पाणी बसायला तयार नव्हते ते आमच्या डोळ्यांदेखत बसले.

मामांनी बरणी उचलून उजेडात धरली. नितळ पाण्यातून पलीकडे बसलेला पटेल दिसत होता.

“पटेल,” ते म्हणाले, “तुझं नाक फार मोठं दिसतंय रे.”

कित्येक महिन्यांत मामा त्याच्याशी बोललेले ते पहिले वाक्य. पटेलाने मिशीवरून हात फिरवला. “नाक तो पेलां से असो ज हे, काकासाब.” नाक तर आधीपासून असेच आहे.

मामींना आधी हसू आले आणि मग रडू. मामांनी बरणी खाली ठेवली, पटेलाजवळ जाऊन बसले आणि साध्या मराठीत म्हणाले, “मी तुला नको ते बोललो. माझं चुकलं.” पटेलाने मामांचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही. थोड्या वेळाने ओसरीवर असा मोठमोठ्याने वाद सुरू झाला की मी घाबरून आतून डोकावले. दगड कुटायला माणसे कोणाची आणि वाहायला बैल कोणाचे, यावर दोघे हमरीतुमरीवर आले होते. दोघांनाही आपलेच द्यायचे होते.

पुढचे काम बरणीइतके सोपे नव्हते. वावरातून ओढ्यापर्यंत चर खणला, म्हणजे धुऊन निघालेला सोडा पाण्याबरोबर बाहेर जाईल. उन्हाळ्यात गाड्यांनी दगड आला. तो कुटून, चाळून शेतात पसरला आणि पावसाचे पाणी बांध घालून तुंबवले, मग चरातून सोडून दिले. ताग पेरला, कोवळा असतानाच नांगरून गाडायचा म्हणून. पहिल्या वर्षी तागही धड उगवला नाही. डोक्यावरचे केस गळावेत तसे शेत दिसत होते. गावात ज्याने त्याने सल्ले दिले. मामांनी धारला निरोप धाडला, “तुझी विद्या बरणीत चालते, बांधात चालत नाही असं दिसतं.” आम्ही जमेल तेव्हा जात राहिलो. पुढच्या वर्षी ताग कमरेला लागला. त्याच्या पुढच्या वर्षी यांनी खड्ड्यात लोटाभर पाणी ओतले, ते बघता बघता जिरले, आणि मामांनी सगळ्या गावाला बोलावून तो खड्डा पुन्हा पुन्हा भरून दाखवला. शेवटी मामी म्हणाल्या की आता पुरे, पेरायला जागा ठेवा.

विहिरीची मोट मामांनी सोडवली. विहीर मामींकडे गेली. पाण्याला येणाऱ्या बायकांची तिथे अशी गर्दी होई की मामा म्हणत, शेत माझं एकट्याचं, विहीर मात्र सगळ्या गावाची झाली. अफू आणि ऊस गेले; पावसाच्या ओलीवर गहू आला आणि गहू साधल्यावर हरभरा. हरभरा फार नाजूक, त्याला सोडा जराही खपत नाही, असे हे सांगत. त्यामुळे तो ज्या वर्षी घाटे धरून उभा राहिला त्या वर्षी आम्ही मुद्दाम गेलो. तोवर माझ्या कडेवर थोरली मुलगी होती.

सगळे शेत काही सुधारले नाही. मधोमध एक तुकडा होता, त्याने कशालाच दाद दिली नाही. तिथे दगड पडला, ताग पडला, शेण पडले. जमीन तशीच, टणक आणि गुळगुळीत. हे त्या तुकड्याजवळ उकिडवे बसून विचार करत होते. पटेल आला, त्याने टाच आपटून पाहिली आणि म्हणाला, “भिया, इका पे तो खळो करो.” इथे खळे करा. सारवायला नको, चोपायला नको, मळणीला अशी जागा शोधून मिळणार नाही.

मामांना ते इतके पटले की त्याच दिवशी खळ्याच्या मधोमध तिवडा, म्हणजे बैल ज्याभोवती फिरतात तो खांब, पुरायचे ठरले. तो पुरायला मात्र पहार मोडली. तोवर पटेलाच्या सुनेने हरभऱ्याचे हिरवे डहाळे उपटून आणले होते. खळ्यावर काटक्या पेटवून आम्ही ते भाजले, आणि ओंजळीत चोळून, फुंकून, गरम गरम दाणे खाल्ले. मामी आणि मी, पटेलाची सून, हे, दोघे म्हातारे, सगळ्यांचे ओठ काळे झाले. मुलीने एक दाणा तोंडात घातला, चावला आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला.